दारात ओळखीचा माणूस दिसला म्हणून मागे फिरलात?

वाचकाचं पत्र :

"ताई, माझं वय ४३. टॉवेलच्या कारखान्यात जॉबर आहे. अशोक चौकाच्या बाजूला राहतो, घरी तेलुगू बोलतो. बरीच वर्षं पितोय. गेल्या दिवाळीनंतर एका व्यसनमुक्ती केंद्रात राहून आलो. निघताना त्यांनी सांगितलं होतं, सोलापुरात ए. ए.च्या, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांच्या समूहाच्या, मीटिंगला जात राहा. एकदा गेलो. दारातच आमच्या पेठेतले एक गृहस्थ चप्पल काढताना दिसले. माझ्या सासऱ्यांच्या उठण्याबसण्यातले. मी तसाच मागे फिरलो. नंतर मेव्हण्याच्या लग्नात एक पेग झाला आणि आता पुन्हा रोजचं सुरू आहे. सकाळी हात थरथरतात, थोडी घेतल्याशिवाय कामावर जाता येत नाही. बायको विड्या वळते. तिनं कुठून तरी पावडर आणली आहे, ती भाजीत घालते असा मला संशय आहे. शेजारचे म्हणतात पंढरपूरला जा, माळ घाल. मीटिंगला पुन्हा जावंसं वाटतं, पण ते गृहस्थ तिथं असणार. चारचौघांत मराठीत बोलायला मला जमत नाही. तिथं देवाची प्रार्थना असते, ती कशाला तेही कळत नाही. शिवाय तेव्हाची जागा आता बदलली असं ऐकलं. मुलगी दहावीला आहे. 'निदान माझ्या परीक्षेपर्यंत तरी सोडा' म्हणाली. काय करू?
– एक वाचक, सोलापूर"

उत्तर :

आधी हातांच्या थरथरीबद्दल बोलू. बाकीचं दोन दिवस थांबेल, हे थांबणार नाही.

सकाळी उठल्यावर हात थरथरतात, घाम फुटतो, मळमळतं आणि थोडी पोटात गेली की सगळं जागेवर येतं. याचा अर्थ शरीर दारूवर अवलंबून झालं आहे. अशा वेळी 'उद्यापासून बंद' म्हणत घरच्या घरी एका झटक्यात सोडू नका. शेवटच्या घोटानंतर साधारण सहा तासांपासून दोन दिवसांपर्यंत फिट येण्याचा धोका असतो. दुसऱ्या ते चौथ्या दिवसात काही जणांना भ्रम होतो. भिंतीवर किडे चालताना दिसतात, नसलेली माणसं हाका मारतात, आपण कुठे आहोत ते कळत नाही, अंग तापतं. घरच्यांना वाटतं बाहेरचं काहीतरी लागलं, आणि उतारा काढण्यात अख्खी रात्र जाते. असं झालेला माणूस दगावू शकतो. तसं काही दिसलं तर वाट न पाहता १०८ ला फोन करा, हे आजच बायकोला सांगून ठेवा.

उद्या सकाळी सिव्हिलला जा. छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयाला वैशंपायन वैद्यकीय महाविद्यालय जोडलेलं आहे, तिथे मानसोपचार विभाग आहे. केसपेपर काढताना काय होतंय विचारलं तर 'दारू सोडायची आहे' इतकं सांगितलं तरी पुरतं. डॉक्टरांनी किती घेता विचारलं की खरा आकडा सांगा. लाजेपोटी निम्मा सांगितलात तर औषधाचा डोसही त्या निम्म्याच्याच हिशोबानं ठरेल आणि थरथर आटोक्यात येणार नाही. आणि गल्लीतल्या दवाखान्यात जाऊन नुसती ग्लुकोजची बाटली लावून घेऊ नका. बरीच वर्षं पिणाऱ्याच्या अंगात थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, कमी झालेलं असतं. ते न देता ग्लुकोज चढवलं तर मेंदूला इजा होऊ शकते. सिव्हिलमधल्या डॉक्टरांना हे माहीत असतं, त्यांच्यावर सोडा.

पावडरीचंही उद्याच मिटवा. 'न सांगता दारू सोडवा' अशा जाहिराती भिंतीभिंतींवर रंगवलेल्या असतात. त्या पुडीत नेमकं काय आहे ते विकणाराही सांगत नाही. त्यात डायसल्फिराम नावाचं औषध असू शकतं. ते पोटात असताना दारू घेतली तर चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो, आणि माणूस जाऊही शकतो. गोळी बंद केल्यावरही तिचा परिणाम दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो. हेच औषध डॉक्टर काही रुग्णांना देतात, पण तपासण्या करून आणि रुग्णाला सगळं सांगून, त्याच्या संमतीनं. बायकोवर चिडू नका. दिवसभर सूप मांडीवर घेऊन विड्या वळायच्या, त्यातलेच पैसे काढून तिनं ती पुडी आणली असेल. दुसरं काय करायचं ते तिला कुणी सांगितलंच नव्हतं. 'घालतेस का?' असं शांतपणे विचारा. हो म्हणाली तर पुडी घेऊन दोघं मिळून डॉक्टरांकडे जा.

आता त्या गृहस्थांबद्दल.

ते तिथे चप्पल काढत होते. त्या खोलीत शिरायला फारशी कारणं नसतात. एक तर ते स्वतः पीत होते, किंवा मीटिंग खुली, म्हणजे न पिणाऱ्यांनाही बसता येईल अशी, असेल तर त्यांच्या घरात कुणीतरी पितं. म्हणजे तुमचं गुपित त्यांच्याकडे गेलं तसं त्यांचंही तुमच्याकडे आलं. मला एवढं मोठं पत्र लिहिलंत, पण त्यात त्यांचं नाव लिहिलं नाहीत. सासऱ्यांकडेही बोलला नसाल, नाहीतर पत्रात आलं असतं. कुणी न सांगता, कसलाही नियम माहीत नसताना, तुम्ही त्यांची लाज राखलीत. ते तर किती काळापासून त्या खोलीत बसत असतील, आणि तिथला पाया हाच आहे की इथे कोण दिसलं आणि काय ऐकलं ते इथेच राहील. ए. ए. म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस. अनामिक राहणं त्यांच्या नावातच आहे. आडनाव विचारत नाहीत, आधार कार्ड मागत नाहीत, रजिस्टरवर सही घेत नाहीत. बाजारात समोरासमोर आलात तर ते एरवीसारखं 'काय, बरं आहे ना?' म्हणतील आणि पुढे जातील.

थोडं कडू बोलते, पण तुमच्या काळजीनंच. तुम्ही पिता हे कुणाला माहीत नाही? वाइन शॉपवाल्याला माहीत आहे, कोपऱ्यावर शेंगदाणे विकणाऱ्याला माहीत आहे. रात्री हाताला धरून उतरवणाऱ्या रिक्षावाल्याला, पाळी लावणाऱ्या मुकादमाला, तुमच्या बाजूच्या मागावर काम करणाऱ्याला माहीत आहे. सासऱ्यांना तर लग्नातच दिसलं. सोलापूर शहर मोठं असलं तरी आपल्या पेठा गावासारख्याच आहेत, कुणाच्या घरात काय शिजतं ते चार घरं पलीकडे कळतं. पेठेला कळलेलं नाही ते एवढंच, की तुम्ही सोडायचा प्रयत्न करताय. आणि नेमकं तेच झाकायला तुम्ही त्या दारातून परत फिरलात. बारमध्ये ओळखीचं कुणी दिसलं तर आपण मागे फिरत नाही, त्याच्याच टेबलाला खुर्ची ओढतो. मग मीटिंगच्या दारात का फिरायचं?

आणखी एक गोष्ट सांगायची आहे, कारण ती कळली की त्या गृहस्थांकडे तुम्ही वेगळ्या नजरेनं पाहाल. ए. ए. सुरू झाली ती १९३५ साली, अमेरिकेतल्या ॲक्रन गावात. न्यूयॉर्कचा बिल नावाचा शेअर बाजारातला माणूस कामासाठी तिथे आला होता. दारू सोडून त्याला काही महिने झाले होते. काम फिसकटलं, परक्या गावात हॉटेलच्या लॉबीत एकटा उभा, आणि बाजूच्या बारमधून हसण्या-बोलण्याचे आवाज येत होते. आता पाय तिकडे वळणार हे त्याला कळलं. तेव्हा त्यानं एका पाद्र्याला फोन लावला. उपदेश करा असं तो म्हणाला नाही. 'मला एखाद्या दारुड्याशी बोलायचं आहे' एवढंच त्याचं म्हणणं होतं. त्या फोनाफोनीतून त्याची गाठ डॉ. बॉब नावाच्या सर्जनशी पडली. स्वतःची दारू सुटलेली राहावी म्हणून बिलला एक पिणारा माणूस समोर हवा होता. डॉ. बॉब यांनी १० जून १९३५ नंतर दारू घेतली नाही, आणि ए. ए. तोच दिवस आपल्या सुरुवातीचा मानते. भारतात हे काम १९५७ मध्ये सुरू झालं.

म्हणून त्या खोलीत नवा माणूस आला की जुने उपकार केल्याच्या भावनेनं त्याच्याकडे बघत नाहीत. त्यांना त्याची गरज असते. तो आपल्या थरथरत्या हातांनी त्यांना त्यांचे जुने दिवस आठवून देतो. त्या संध्याकाळी ते गृहस्थ तुम्हाला बघून नाराज झाले नसणार. तुम्ही आत आला नाहीत म्हणून झाले असतील.

जागा कशी शोधायची? जिथे उपचार घेतलेत त्या केंद्राला आधी फोन करा. आपला माणूस गावी गेल्यावर कुठे जाईल याची माहिती ते ठेवून असतात. सिव्हिलच्या मानसोपचार विभागातही विचारा. ए. ए.चं देशाचं कार्यालय मुंबईत आहे, त्यांच्या संकेतस्थळावर शहरानुसार मीटिंगची यादी आणि हेल्पलाइनचे नंबर मिळतात. मुलगी फोनवर दोन मिनिटांत शोधून देईल, पण हे काम तिच्याकडून न करून घेतलेलं बरं, स्वतः करा. केंद्र सरकारची व्यसनमुक्तीसाठीची मोफत हेल्पलाइन १४४४६ आहे. रात्री-अपरात्री मन फारच खचलं तर टेली-मानसला १४४१६ वर फोन करा. ती चोवीस तास चालते, सेवा मराठीत आहे आणि तेलुगूतही आहे.

मीटिंगच्या जागा बदलतात, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. या समूहांची स्वतःची इमारत नसते. शाळेचा वर्ग, दवाखान्यातली खोली, एखादा हॉल, चर्चची मागची बाजू, जिथे संध्याकाळी तासभर जागा मिळेल तिथे बसतात. बाहेर मोठा बोर्ड नसतो. म्हणून यादीतला पत्ता बघून थेट निघू नका. त्या दिवशी दुपारी फोन करून वार, वेळ आणि खूण पक्की करा. फोन उचलणारा स्वतः कधीकाळी प्यायलेला माणूस असतो, त्याच्यापुढे काही सजवून बोलावं लागत नाही. 'मी पहिल्यांदा येतोय, एकट्यानं आत यायला जड जातंय' असं सांगा. तो म्हणेल, पार्क चौकात थांबा, मी येतो; किंवा तुम्हाला सोयीचं असं दुसरं ठिकाण सांगेल. सोबत कुणी असेल तर दारातून परत फिरणं अवघड जातं, आणि तुम्हाला तेच हवं आहे.

आत काय होतं ते सांगते, म्हणजे धास्ती कमी होईल. खुल्या मीटिंगांना मी बसलेली आहे. वर्गात असेल तर मोठी माणसं मुलांच्या बाकांवर गुडघे दुमडून बसलेली दिसतील. एखाद्यानं पिशवीतून घडी केलेला कापडी फलक काढून खिळ्याला अडकवलेला असतो. 'फक्त आजचा दिवस' अशी दोन-चार वाक्यं भिंतीवर टांगलेली असतात. एक जण मीटिंग चालवतो, सुरुवातीला छोटी प्रार्थना होते, थोडं वाचन होतं. मग एकेक जण नाव सांगतो, 'मी अल्कोहोलिक आहे' म्हणतो आणि स्वतःचं सांगतो. काय प्यायचो, काय गमावलं, आज कसं चाललंय. कुणी मध्ये बोलत नाही, सल्ला देत नाही, 'असं कसं केलंस?' विचारत नाही. तास-दीड तासात संपतं. फी नाही. शेवटी एक डबा फिरतो, ज्याला जमेल तो दहा-वीस रुपये टाकतो, आणि नव्या माणसानं काही नाही टाकलं तरी कुणी बघत नाही. बाहेरची देणगी ते घेत नाहीत. सभासद व्हायला एकच अट आहे, दारू सोडायची इच्छा. पिऊन आलेल्यालाही बसू देतात, त्यानं गप्प बसून ऐकावं एवढंच.

एका मीटिंगमधला चहा माझ्या लक्षात राहिला आहे. सगळ्यांना भरलेला कप मिळाला, कोपऱ्यात बसलेल्या नव्या माणसाला मात्र अर्धाच. मला आधी ते खटकलं. मग त्याचे हात दिसले. भरलेला कप त्याच्याकडून सांडला असता आणि चारचौघांत तो ओशाळला असता. चहा देणाऱ्यानं काही न बोलता अर्धा कप पुढे केला, आणि तो संपल्यावर पुन्हा अर्धा. ज्यानं स्वतः कप सांडलेला असतो त्यालाच हे सुचतं.

भाषेचं मनावर घेऊ नका. पहिल्या दिवशी बोलायचंच नसतं, नुसतं नाव सांगून 'मी आज ऐकायला आलोय' म्हटलं की झालं. कित्येक जण महिनाभर तेवढंच म्हणतात. पुढे बोलावंसं वाटलं तर जशी येते तशी मराठी बोला, मध्ये तेलुगू आली तरी चालेल. मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू यांची मिसळ करून आपलं अख्खं शहर रोज बाजारहाट करतं, तिथे व्याकरणाला कोण अडतंय? तरीही मनातलं तेलुगूतच निघत असेल तर ऑनलाइन मीटिंगही असतात. हैदराबादकडच्या समूहांत तेलुगूतून बोलणं चालतं, ए. ए.च्या हेल्पलाइनवर त्याची चौकशी करा. पण ऑनलाइनवरच भागवू नका. फोन बंद करून उठायला एक बोट पुरतं, समोर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांतून उठून जाता येत नाही.

प्रार्थनेबद्दल विचारलंत. ए. ए. कुठल्या धर्माची नाही. दारू सोडण्यासाठी तिथे बारा पायऱ्या सांगितलेल्या आहेत, त्यातली पहिली सांगते की दारूपुढे माझं काही चालत नाही हे मी कबूल करतो. पुढे ईश्वराचा उल्लेख येतो, पण 'जसा आम्हाला समजला तसा' असं जोडून. एखाद्यासाठी तो सिद्धेश्वर असतो, एखाद्यासाठी मार्कंडेय, एखाद्यासाठी अल्ला. देव न मानणारे म्हणतात, माझ्यापेक्षा मोठी ताकद म्हणजे हा समूहच. तुम्हाला यातलं काहीच पटत नसेल तर प्रार्थनेच्या वेळी गप्प उभे राहा. आपल्यासारखाच माणूस किती तरी वर्षं न पिता समोर उभा आहे, एवढं मानलं तरी सुरुवातीला पुरतं.

माळेचंही तसंच. आपल्या जिल्ह्यात पंढरपूर आहे, आणि माळ घालून दारू सोडलेली माणसं मीही पाहिली आहेत. तो आधार खरा आहे, त्याला मी कमी लेखत नाही. पण त्या लोकांकडे नीट बघा. माळ घातली की हरिपाठ येतो, भजन येतं, एकादशी येते, वारीची दिंडी येते. संध्याकाळ रिकामी राहत नाही आणि भोवती न पिणारी माणसं येतात. नुसती माळ गळ्यात आणि संध्याकाळ जुन्याच कट्ट्यावर असेल तर एक दिवस माळ खुंटीला जाते. घालायची असेल तर जरूर घाला, मीटिंगला जाण्याशी तिचं काही भांडण नाही. पण हात थरथरत असताना, डॉक्टरांना न दाखवता, शपथेच्या जोरावर झटक्यात बंद करणं मात्र नको.

याचा उपयोग होतो का, असं मनात येईलच. २०२० साली कॉक्रेन या संशोधन संस्थेनं २७ अभ्यास आणि त्यातल्या दहा हजारांहून जास्त लोकांची माहिती एकत्र तपासली. दारूपासून सलग पूर्ण लांब राहण्याच्या बाबतीत, रुग्णाला ए. ए.शी पद्धतशीर जोडून देणारे उपचार इतर मान्य मानसोपचारांपेक्षा सरस ठरले. मात्र एकदा जाऊन नव्हे, जात राहिल्यानं. पहिल्या नव्वद दिवसांत नव्वद मीटिंगा करा, असं ए. ए.त नव्या माणसाला सांगायची रीत आहे. सोलापुरात कारखान्याची पाळी सांभाळून ते जमलं नाही तरी शहरात जेवढ्या मिळतील तेवढ्या गाठा, मधल्या दिवशी ऑनलाइन बसा. मुकादमाला सांगून काही महिने दिवसपाळी मागून घ्या. कारण सांगायचं नसेल तर तब्येतीचं सांगा, ते खोटं नाही. आणि पहिल्या समूहात मन रमलं नाही तर दुसऱ्यात जाऊन बघा. निदान पाच-सहा मीटिंगा झाल्याशिवाय 'हे माझ्यासाठी नाही' असं ठरवू नका.

तिथे महिना-दोन महिन्यांत कुणीतरी जवळचं वाटेल. ज्याचं बोलणं ऐकून 'हा माझंच सांगतोय' असं होईल, त्याला 'माझे स्पॉन्सर व्हाल का?' असं विचारा. स्पॉन्सर म्हणजे तुमच्या आधी ही वाट चाललेला माणूस, ज्याला पहिल्या घोटाच्या आधी फोन करायचा. आधी, नंतर नाही. नंतर केलेल्या फोनवर रडणंच जास्त असतं. लग्नात तुमच्या खिशात असा एखादा नंबर असता तर मांडवाच्या मागे जाऊन लावता आला असता.

आणि तो एक पेग झाल्यावर तुम्ही स्वतःला कायमचं बाद करून टाकलंत, ते मला जास्त लागलं. ए. ए.त याला 'स्लिप' म्हणतात. स्लिप झालेला माणूस पुढच्या मीटिंगला येऊन सांगतो, 'झाली', आणि दिवस पुन्हा एकपासून मोजायला लागतो. कुणी हसत नाही, कारण त्यातल्या बहुतेकांनी तो आकडा पुन्हा एकवर आणलेला असतो.

धोक्याच्या वेळा ओळखून ठेवा. भूक, राग, एकटेपणा आणि थकवा, या चौघांपैकी कुणीही आलं की तलफ मागून येते. कारखान्यातून सुटताना तुमच्यात यातले दोन तरी असतात. डब्यात कडक भाकरी आणि शेंगाचटणी जास्तीची न्या, गेटमधून बाहेर पडण्याआधी खा. पगाराच्या दिवशी पैसे थेट बायकोच्या खात्यात जमा होतील असं बघा, आणि घरी येण्याचा रस्ता बदला. गटारी, ३१ डिसेंबर, लग्नसराई, गड्ड्याच्या यात्रेतल्या रात्री, या दिवशी मीटिंग नसेल तर समूहातल्या कुणासोबत तरी संध्याकाळ काढा. कुणी म्हणेल, 'शिंदी थंड असते, ती चालते', 'बिअरनं काय होतंय?'. शिंदी दारूच आहे, बिअरही दारूच आहे, आणि तुमचं शरीर बाटलीवरचं लेबल वाचत नाही.

बायकोसाठीही जागा आहे. दारुड्यांच्या घरच्यांसाठी अल्-अनॉन नावाचे समूह असतात, ते १९५१ पासून चालतात. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात पत्नींसाठी 'सहचरी' नावाचा गट आहे. सोलापुरात अल्-अनॉनची मीटिंग कुठे आहे ते ए. ए.च्या माणसांनाच विचारा. तोवर खुल्या मीटिंगला तिला सोबत न्या. तिथे तिला तिच्यासारखीच एखादी भेटेल, जी म्हणेल, 'मीही पावडर घातली होती.' तुमच्या कामावर 'ताप आलाय' असा फोन करायचं आणि दुकानातली उधारी गुपचूप फेडायचं ओझं तिच्या डोक्यावरून उतरायला हवं. ती ते प्रेमानंच करते, पण त्यामुळे दारूचा हिशोब तुमच्यापर्यंत पोचत नाही.

राहिली मुलगी. 'परीक्षेपर्यंत सोडतो' असं वचन तिला देऊ नका. समजा मध्येच स्लिप झाली तर त्या पोरीला वाटेल, मी नीट सांगितलं नाही, माझ्यामुळे झालं. आणि परीक्षा संपल्यावर काय, हा प्रश्न तिच्या मनात पेपर लिहितानाही राहील. तिला जे खरं आहे तेवढंच सांगा. मला हा आजार आहे, उद्या मी आणि आई सिव्हिलला जाणार आहोत, आणि अमुक वारी संध्याकाळी मी एका मीटिंगला जाणार आहे, तिथे माझ्यासारखेच लोक असतात. तोंडाचा वास बघायचं, बाटली शोधायचं, तुम्ही कुठे गेलात ते आईला कळवायचं काम तिला देऊ नका. तिला काही विचारायचं असेल तर विचारू द्या, आणि तेव्हा उठून बाहेर जाऊ नका, बसून उत्तर द्या.